आत कुणी आहे का

"जरा लवकर हात चालवा हो," पुतण्या म्हणाला. "आत म्हातारा माणूस आहे."

गुडघ्यांखाली पोतं घालून किल्लीवाला दारासमोर बसला होता आणि कुलपाच्या भोकात बारीक आकडा घालून अंदाज घेत होता. आत काहीतरी अडकलं होतं. पुतण्याची किल्ली निम्मी जाऊन थांबत होती. असलं काम घाईने होत नाही, उलट बिघडतं, पण हे गिऱ्हाइकाला सांगून उपयोग नसतो. घाईत नसलेला माणूस किल्लीवाल्याला बोलावतच नाही.

तेवढ्यात आतून आवाज आला. "कुणी आहे का?"

थकलेला, जरासा घोगरा आवाज, आणि त्यामागून खोकल्याची उबळ. पुतण्याचा चेहरा एकदम सैल झाला. दाराला गाल लावून तो म्हणाला, "काका, मी आलोय. कुलूप अडकलंय, माणूस आणलाय."

"कुणी आहे का?"

"आहोत, काका," किल्लीवालाही म्हणाला. "उघडतोच आता."

आवाज ऐकून पुतण्याला बोलायला सुचू लागलं. काकांना हल्ली विसर पडायचा. बाहेर पडले की घर सापडायचं नाही, एकदा तर अनवाणी बाजारात सापडले. म्हणून तो कामावर जाताना खाणं ठेवून बाहेरून कुलूप लावून जायचा. ह्या वेळी परगावी जावं लागलं, तर जास्तीचं भरून ठेवलं होतं. करणार काय, नोकरी सोडून बसायचं का, असं त्याने विचारलं. किल्लीवाल्याने मान डोलावली, आणि ती नुसती गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून नव्हती. त्याच्या स्वतःच्या घराच्या दारालाही बाहेरूनच लागणारं कुलूप होतं आणि ते त्यानेच बसवलं होतं.

शेवटी आकड्याला ते अडकलेलं लागलं. चिमट्याने हळूहळू ओढून त्याने ते तळहातावर घेतलं. जेवायच्या काट्याचा मोडका दात होता. तो बाहेरच्या बाजूने आत जाणं शक्य नव्हतं. किल्लीवाल्याने तो पुतण्याला न दाखवता खिशातल्या पाकिटात टाकला आणि किल्ली फिरवली.

म्हातारा दाराशीच खुर्चीत बसला होता, भिंतीला डोकं टेकून. पुतण्याने खांद्याला हात लावला आणि लगेच काढून घेतला. वरच्या मजल्यावरचे डॉक्टर आले, त्यांनी हाताची बोटं वाकवून बघितली आणि म्हणाले, हे काल सकाळीच गेले असावेत. किल्लीवाला आणि पुतण्या एकमेकांकडे बघत राहिले. थोड्या वेळापूर्वी दोघंही त्या माणसाला आलो आलो म्हणत होते.

"कुणी आहे का?" कोपऱ्यातून आवाज आला, आणि खोकल्याची उबळ.

कोपऱ्यात गंजलेला पिंजरा होता. त्यात दोन राखाडी पोपट. एकाने छातीवरची पिसं स्वतःच उपटून टाकली होती, गुलाबी कातडी दिसत होती. दुसरा त्याला चिकटून, दांडीच्या टोकाला, डोळे अर्धे मिटून बसला होता. पिंजऱ्याच्या तळाशी घाणीचा थर जमला होता.

पुढचे सोपस्कार व्हायचे ते झाले. दोन दिवसांनी किल्लीवाला नवीन कुलूप बसवायला गेला तेव्हा घर निम्मं रिकामं झालं होतं. पुतण्याने पिंजरा खिडकीत आणून ठेवला होता. सोडून देतो, म्हणाला, आपल्याला नाही सहन होत हा आवाज. पिसं नसलेलं पाखरू खिडकीतून सोडलं तर खाली जाईल, वर नाही, एवढं किल्लीवाल्याला कळत होतं. तो म्हणाला, मी नेतो.

पुतण्याने लगेच पिंजरा त्याच्या हातात दिला. "खातात-पितात हो, त्रास काही नाही. बघा, वाटी भरलेलीच आहे."

*

लोक कामावरून घरी येताना भाजी आणतात. बायकोने दार उघडलं आणि नवऱ्याच्या हातातला तो गंजलेला डोलारा बघून ती बाजूलाच झाली नाही. ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. दिवसभर दुसऱ्यांच्या चादरी उकळून घरी आल्यावर आणखी कोणाची घाण काढायची तिची तयारी नव्हती.

"कुठे ठेवायचं हे?" तिने विचारलं.

"आईच्या खोलीत," तो म्हणाला. "तिला सोबत होईल."

तेवढ्यात पोपट खोकला. बायको दोन पावलं मागे सरली. कुणाचा खोकला, हे तिने विचारलं आणि त्याने खरं ते सांगून टाकलं. सांगायला नको होतं. रात्री भांडी विसळता विसळता ती म्हणाली, "मेलेल्या माणसाला घरात आणून ठेवलंत तुम्ही."

आईचं मात्र वेगळंच. ती पिंजऱ्यासमोर स्टूल ओढून बसली आणि कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. हल्ली ती कशाकडे एवढं लक्ष लावून बघत नसे. सुनेला कधी बहिणीच्या नावाने हाक मारायची, कधी तुम्ही कोणाकडे आलात म्हणून विचारायची. जेवायला वाढलं की म्हणायची, जेवले मी. दुपारचं झाकून ठेवलेलं ताट संध्याकाळी तसंच्या तसं मिळायचं. मागच्या हिवाळ्यात ती घरातून निघून गेली होती. दूधवाल्याने गाडीतून तिला रस्त्याच्या कडेकडेने चालताना बघितलं म्हणून ती सापडली, नाहीतर त्या थंडीत संपलंच होतं. दुसऱ्याच दिवशी किल्लीवाल्याने दाराला नवं कुलूप घातलं. बाहेरून किल्ली, आतून भोकच नाही, नुसती पितळी पट्टी. इतकं नीट काम त्याने आयुष्यात दुसरं केलं नसेल. सकाळी दोघं कामावर निघाले की तो किल्ली दोनदा फिरवायचा, खट् खट्, दार ओढून बघायचा आणि निश्चिंत मनाने जिना उतरायचा.

दुकान वडिलांचं होतं. एका इमारतीच्या जिन्याखालची अडीच माणसांची जागा, पण वडिलांनी त्यावर संसार केला. वडिलांची एक सवय होती. कोणतंही कुलूप, दुरुस्तीचं असो की घरचं, बाहेरून लावायच्या आधी ते हाक मारायचे, "आत कुणी आहे का?" आणि उत्तरासाठी थांबायचे. उमेदवारीत असताना त्यांच्या हातून कोणीतरी गोदामात कोंडलं गेलं होतं म्हणे. नवी कुलपं ते घराच्या दारावर चालवून बघायचे, त्यामुळे ही हाक घरात दिवसातून कितीदा तरी व्हायची आणि स्वयंपाकघरातून आई ओरडायची, "आहे मी आत. लावू नका." लहानपणी किल्लीवाल्याला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी नवरा-बायको असंच बोलतात. पुढे दुकान त्याच्याकडे आलं, पण ही सवय काही त्याने उचलली नाही. गिऱ्हाईक हसतं, आणि शिवाय आत कोणी असलं तर ते गप्प थोडंच बसेल.

*

पाखरांची डॉक्टरीण तरुण होती आणि तोंडाची फटकळ होती. पिंजरा बघताच तिने किल्लीवाल्यालाच झापायला सुरुवात केली. पाखरं त्याची नाहीत हे कळल्यावर जरा नरमली. खाण्याची वाटी तिने हातात घेतली आणि तिच्यावर हळूच फुंकर मारली. वाटीभर दिसणाऱ्या बिया टेबलावर उडाल्या, ती सगळी टरफलं होती. खाली तळाशी एक दाणा नव्हता.

"हे असंच मरतात," ती म्हणाली. "वाटी भरलेली दिसते. माणूस बघतो आणि पुढे जातो."

मग तिने काय काय करायचं ते सांगितलं. पिंजरा भिंतीला लावून ठेवा, तीन बाजूंनी चादर टाका, समोरचं तेवढं उघडं. वरून हात घालायचा नाही, वरून ससाणा येतो असं त्यांना वाटतं. रोखून बघायचं नाही. जवळ बसायचं, आपापसात बोलायचं आणि त्यांच्यासमोर जेवायचं. ही थव्याने खाणारी जात आहे, एकटं सोडलं तर भूक असूनही चोच लावत नाही. जो पिसं उपटतो तो नर, दुसरी मादी. मादी कधी बोलली का, असं तिने विचारलं. किल्लीवाल्याला ठाऊक नव्हतं. बोलत नाही म्हणजे ऐकत नाही असं समजू नका, डॉक्टरीण म्हणाली.

नवा मोठा पिंजरा आला, त्याचं दार मात्र किल्लीवाल्याने स्वतः बसवलं. पाखरं चार दिवस कोपऱ्यातून हलली नाहीत. मग बायकोने, जिला ह्यातलं काहीच नको होतं, एक गोष्ट केली. सासूबाईंसमोर ताट ठेवलं आणि म्हणाली, "आई, तुम्ही जेवल्याशिवाय ही दोघं जेवत नाहीत. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय."

आईने ताटाकडे बघितलं, पिंजऱ्याकडे बघितलं. "पाहुणे आहेत होय," ती म्हणाली आणि एक घास घेतला. मग पाहुण्यांना वाट बघायला लावणं बरं नाही म्हणून दुसरा घेतला. ताट संपत आलं तेव्हा मुकी, म्हणजे ती न बोलणारी मादी, दांडीवरून सरकत खाली आली आणि तिने सफरचंदाच्या फोडीला चोच लावली. तिच्या मागून बोलका नर आला. बायको ओट्याकडे तोंड करून उभी राहिली आणि पदराने उगाचच डोळे पुसू लागली. रडण्यासारखं काय आहे, असं तिने स्वतःलाच विचारलंही.

त्यानंतर घरात जरा बरे दिवस आले. आई पाहुण्यांसोबत दोन्ही वेळा जेवायला लागली. बोलक्याच्या छातीवर राखाडी लव दिसू लागली. मुकी आईच्या हातावर येऊन बसायची, काही न बोलता तिच्या तोंडाकडे बघायची. फक्त तो आवाज गेला नाही. सगळे घरात असले की बोलका गप्प असायचा, किंवा फार तर खोकायचा. पण शेजारीण एकदा जिन्यात बायकोला म्हणाली, तुमच्या आई दिवसभर कुणाशी तरी बोलत असतात हो. पाखरांशी बोलत असतील, बायको म्हणाली, आणि दोघी हसल्या.

*

एकदा किल्लीवाला बारीक चिमटा घरी विसरला. दुकानासमोर गिऱ्हाईक थांबवून तो भर दुपारी परत आला. जिना चढून दारापाशी पोचला, किल्ली काढली आणि तसाच थांबला. आतून कुलूप लागल्याचा आवाज आला होता.

खट् खट्. किल्ली दोनदा फिरल्याचा. पण किल्ली त्याच्या हातात होती. मग लांब जाणारी पावलं, जिना उतरणारी. मग बराच वेळ काही नाही. मग आतून तोच थकलेला, घोगरा आवाज आला.

"कुणी आहे का?"

किल्लीवाल्याच्या अंगावर काटा आला. पोपट आहे, पोपट आहे, असं तो मनात म्हणाला. दिवसाउजेडी, आपल्याच दारात, आपल्याच पोपटाला घाबरायचं म्हणजे काय. आणि मग आत स्टूल सरकलं. चपला फरफटत कोणीतरी लगबगीने दारापाशी आलं.

"आहे मी आत," आई म्हणाली. "अहो, लावू नका. मी आहे."

ती दाराच्या अगदी पलीकडे होती. तिच्या बांगड्या लाकडाला लागत होत्या.

"कुणी आहे का?"

"आहे म्हणते ना. ऐकू येत नाही का तुम्हाला? उघडा की." तिचा आवाज चिडका होता, नवऱ्यावर चिडल्यासारखा. मग तो बारीक होत गेला. "रोज विचारता आणि रोज लावून जाता."

पट्टीवर धातू खरवडल्याचा आवाज येऊ लागला. सावकाश, नेटाने. तो आवाज किल्लीवाल्याच्या ओळखीचा होता. त्याचं उभं आयुष्य त्या आवाजात गेलं होतं. त्याने किल्ली लावायचा प्रयत्न केला, पण ती भोकात जाईना. लोकांची शेकडो दारं उघडलेला माणूस स्वतःच्या दारासमोर किल्लीशी धडपडत उभा होता.

दार उघडलं तेव्हा आई हातात चमचा घेऊन उभी होती. चमच्याचं टोक वाकलेलं होतं. तिने त्याच्याकडे बघितलं, ओळखलं नाही, आणि पदर सावरत एका बाजूला होऊन म्हणाली, "या. हे आत्ताच बाहेर गेलेत."

पितळी पट्टीच्या चारही स्क्रूंच्या खाचा झिजल्या होत्या. दोन तर निम्मे वर आले होते. एका दिवसाचं हे काम नव्हतं. तो रोज संध्याकाळी ह्या दारातून आत येत होता, पट्टी रोज डोळ्यांसमोर होती, वर पितळ चकचकत होतं आणि त्याला सगळं ठीक वाटत होतं. तो तिथेच उंबरठ्यावर बसला. खिशात हात गेला तर पाकिटाच्या कप्प्यात काट्याचा तो मोडका दात अजून होता. तो त्याने का ठेवला होता हे त्याला आता कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं.

त्या दिवशी गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं.

*

संध्याकाळी बायको आली तेव्हा दाराला कुलूप नव्हतं. त्या जागी चौकोनी भोक होतं आणि त्यातून जिन्यातला उजेड आत येत होता. तिने ते बघितलं, पिशवी खाली ठेवली आणि आई कुठे आहेत ते आधी विचारलं. आई झोपली होती.

त्याने दुपारचं सगळं सांगितलं. बायकोने ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मलाही वाईट वाटतंय. पण त्या परत निघून गेल्या तर? मागच्या वेळी तुम्ही तिकडे शोधत होतात, इकडे मी काय काय डोळ्यांसमोर आणलं ते माझं मला ठाऊक. मला नाही ते परत झेपणार."

"उद्यापासून दुकानात नेतो तिला," तो म्हणाला.

"अडीच माणसांची जागा ती."

"मी आणि ती, दोन झाले."

"आणि पाखरं?"

"ती अर्धी."

बायकोला हसू आलं आणि हसता हसताच तिचा चेहरा बदलला. तिने दाराच्या भोकात जुनी चादर कोंबली, थंडी येऊ नये म्हणून.

मग तसंच सुरू झालं. सकाळी किल्लीवाला एका हाताने आईचा हात धरायचा, दुसऱ्या हातात पिंजरा. घराला साधं कुलूप आलं होतं. ते लावायच्या आधी तो दार उघडं धरून हाक मारायचा, "आत कुणी आहे का?" घरात कोणी नाही हे माहीत असायचं, कारण घरातले सगळे त्याच्याजवळ जिन्यात उभे असायचे. पण आई लगेच म्हणायची, "नाही कुणी. लावा आता." ती त्याला कोण समजून बोलते हे तो कधी विचारत नसे. दुकानात ती जुन्या किल्ल्या डब्यातून काढून पुन्हा डब्यात लावत बसायची. गिऱ्हाइकाला चहा घेणार का विचारायची. एकदा ती उठून चालायलाच लागली, तर कोपऱ्यावरच्या चांभाराने तिला चपलेचं माप घ्यायचंय म्हणून बसवून ठेवलं. किल्लीवाला धापा टाकत पोचला तेव्हा ती त्याला म्हणाली, तुम्हीही माप देऊन टाका.

दिवसभर तिथे कुलपं फिरायची. खट् झालं की बोलका मान वर करायचा आणि विचारायचा, कुणी आहे का. आई हातातलं काम न सोडता म्हणायची, आहे मी. मुकी तिच्या गुडघ्यावर बसून तिच्या तोंडाकडे बघायची. नवीन गिऱ्हाईक दचकायचं, जुन्यांना सवय झाली.

पुढच्या हिवाळ्यात आईच्या छातीत कफ झाला. बायकोच्याच इस्पितळात ती गेली, आणि तिच्या अंगाखाली जी चादर होती ती बायकोने घडी घातलेली होती. शेवटच्या दिवशी खोलीचं दार वाऱ्याने लागलं तेव्हा तिने डोळे उघडले होते. किल्लीवाल्याने उठून दार उघडलं आणि मध्ये खुर्ची ठेवली. मग ती झोपली.

सगळं आटोपल्यावर तो पहिल्यांदा दुकानाला निघाला त्या सकाळी बायको आधीच कामावर गेली होती. पिंजऱ्याकडे त्याने बघितलं. आज नको, असं त्याला वाटलं. आज बोलक्याने विचारलं आणि उत्तर आलं नाही तर ते दिवसभर ऐकत बसण्याची ताकद त्याच्यात नव्हती. त्याने वाटीवर फुंकर मारली, टरफलं उडवली, ताज्या बिया घातल्या आणि पाणी बदललं. संध्याकाळपर्यंत राहतील. बाहेर येऊन दार ओढताना सवयीने त्याच्या तोंडून निघालं, "आत कुणी आहे का?"

"आहे मी आत," आई म्हणाली. "लावू नका."

त्याचा हात कडीवरच राहिला.

आवाज आईचा होता, तिचाच, तो चिडका आणि घाईचा, वाक्याच्या शेवटी किंचित खाली जाणारा. बोलक्याचा नव्हता. बोलक्याकडे एकच आवाज होता आणि तो दुसऱ्या कुणाचा तरी होता. त्याने दार ढकललं. बोलका मान वाकडी करून शेजारी बघत होता. मुकी पिंजऱ्याच्या दारापाशी, जाळीला अगदी चिकटून उभी होती.

किल्लीवाला तिच्यासमोर स्टुलावर बसला. दुकान उघडायची वेळ टळून गेली तरी बसून राहिला. आई गेल्यापासून त्याला रडू आलं नव्हतं, ते आता आलं. मुकी त्याच्या तोंडाकडे बघत होती. पुढे काही बोलली नाही.

मग त्याने तोंड धुतलं, पिंजऱ्यावर चादर टाकली, समोरची बाजू उघडी ठेवली आणि पिंजरा उचलून बाहेर जिन्यात आणून ठेवला. दार उघडं धरून त्याने रिकाम्या घरात पुन्हा एकदा विचारलं. आतून कोणी काही बोललं नाही. वडील थांबायचे त्यापेक्षा तो जरा जास्तच थांबला. मग त्याने कुलूप लावलं.